जालना जिल्ह्यातील वाहनांच्या उघड्या, चकचकीत धातुभागांचे क्षरण व संरक्षण : एक शास्त्रीय विवेचन

प्रस्तावना

धातूची वस्तू घासून-पुसून लखलखीत ठेवणे ही मराठी घराची जुनी शिस्त आहे. देवघरातील समई, स्वयंपाकघरातील घागर-तपेली किंवा पोळ्याच्या दिवशी बैलांच्या शिंगांवर चढणाऱ्या पितळी शेंब्या यांच्या चकाकीवरून घरधन्याची नीटनेटकी राहणी ओळखली जाई. गावोगावी ट्रॅक्टर व मोटारसायकली आल्यानंतर हीच दृष्टी वाहनांकडेही वळली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी चिंच, राख, पॉलिश किंवा हाताला येईल ती पावडर घेऊन वाहनाचा प्रत्येक चकचकीत भाग घासला जातो. धातू चमकला म्हणजे तो सुरक्षित झाला, असा समज या प्रथेमागे असतो.

वस्तुस्थिती पुष्कळदा याच्या उलट असते. घासण्याच्या प्रत्येक क्रियेत धातूचा अतिसूक्ष्म थर निघून जातो आणि त्याबरोबर त्यावर नैसर्गिकरीत्या तयार झालेले किंवा कारखान्यात चढविलेले आवरणही झिजते. चकाकी ही पृष्ठभागाच्या गुळगुळीतपणाची खूण आहे, संरक्षणाची नव्हे. रंगाचे आवरण नसलेल्या धातुभागांचे रक्षण कसे करावे, याचा विचार जालना जिल्ह्याची शेती, हवामान व उद्योग यांच्या संदर्भात करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

उघड्या धातुभागांत येथे चार प्रकारांचा समावेश केला आहे. पहिला, ॲल्युमिनियमच्या संमिश्राचे भाग, म्हणजे इंजिनाची झाकणे व अलॉय व्हील. दुसरा, क्रोमचा मुलामा दिलेले भाग, म्हणजे हॅन्डल, सायलेन्सर, पुढील शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्या आणि हायड्रॉलिक सिलिंडरचे रॉड. तिसरा, पितळी भाग. चौथा, ट्रॅक्टरला जोडल्या जाणाऱ्या नांगरासारख्या अवजारांचे मातीने घासून चकचकीत झालेले पोलादी पृष्ठभाग.

जिल्ह्याची परिस्थिती

१ मे १९८१ रोजी औरंगाबाद जिल्ह्यातून वेगळा झालेला जालना जिल्हा समुद्रकिनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत आहे. कोकणातील वाहनांना ग्रासणारी समुद्रावरील खारी हवा येथे नाही. वार्षिक पाऊस साधारणतः साडेसहाशे ते साडेसातशे मिलिमीटर असून त्यातील बहुतांश जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उन्हाळा कोरडा असतो. त्यामुळे या भागात धातू फारसा गंजत नाही, अशी समजूत होणे स्वाभाविक आहे आणि ती काही अंशी खरीही आहे.

परंतु क्षार केवळ समुद्रातूनच येतो असे नाही. जिल्ह्यातील भूस्तर बेसाल्ट खडकाचा आहे आणि त्यातील विहिरी व विंधनविहिरींचे पाणी अनेक ठिकाणी जड असते. शेतीत रासायनिक खते व बुरशीनाशके वापरली जातात. मोसंबीच्या बागा ही जिल्ह्याची ओळख असून येथील मोसंबीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. या बागांतून ताम्रयुक्त औषधांची फवारणी होते. जालना शहराच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी भंगार वितळवून सळ्या तयार करणाऱ्या भट्ट्या व रोलिंग मिल आहेत. याशिवाय, ग्रामीण भागात वाहन पुष्कळदा गुरांच्या गोठ्यातच उभे केले जाते. समुद्र दूर असला तरी धातूचे शत्रू घरात, शेतात आणि रस्त्यावर उपस्थित आहेत.

क्षरणाची प्रक्रिया

बहुतेक धातू निसर्गात खनिजांच्या रूपात आढळतात. ऊर्जा खर्च करून त्यांपासून शुद्ध धातू मिळविला जातो आणि संधी मिळताच तो पुन्हा संयुगाच्या रूपात जाऊ पाहतो. हवेतील क्षरण ही विद्युतरासायनिक क्रिया आहे. धातूवर पाण्याचा पातळ थर असला की पृष्ठभागाचा एक बिंदू धनाग्र व दुसरा ऋणाग्र होतो. धनाग्रावर धातूचे अणू इलेक्ट्रॉन सोडून विरघळतात आणि ऋणाग्रावर ऑक्सिजनचे क्षपण होते. पाण्यात क्षार विरघळलेला असेल तर ते विजेचे अधिक चांगले वाहक बनते व ही क्रिया वेग घेते.

हा पाण्याचा थर दिसलाच पाहिजे असे नाही. हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांच्या वर गेली की लोखंडावर न दिसणारा थर जमून क्षरणाचा वेग एकदम वाढतो. पृष्ठभागावर धूळ किंवा खताचे कण असतील तर ते याहून कमी आर्द्रतेतही ओलावा ओढून घेतात. हिवाळ्यातील पहाटे मोकळ्या आकाशाखालील धातू आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड होतो आणि त्यावर दव साठते. म्हणून पाऊस नसलेल्या मार्गशीर्ष-पौषातही उघड्यावरील वाहनाचा धातू रोज पहाटे ओला होत असतो.

दोन भिन्न धातू एकमेकांना चिकटून असतील व त्यांमध्ये ओलावा असेल, तर अधिक क्रियाशील धातू आधी झिजतो. ॲल्युमिनियमच्या झाकणातील पोलादी बोल्टभोवती पांढरी भुकटी दिसते ती यामुळेच.

धातूनुसार भिन्न वर्तन

लोखंड व साधे पोलाद यांच्यावरील गंज सच्छिद्र व भुसभुशीत असतो. तो ओलावा धरून ठेवतो आणि खालच्या धातूचे रक्षण करीत नाही. म्हणून उघड्या पोलादाला बाहेरून आवरण देण्याखेरीज मार्ग नाही.

ॲल्युमिनियमची प्रकृती वेगळी आहे. हवेशी संबंध येताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा, पारदर्शक व घट्ट ऑक्साइडचा थर तयार होतो आणि पुढील क्षरण थांबवितो. मात्र हा थर तीव्र आम्लात तसाच तीव्र अल्कलीतही विरघळतो. धुण्याच्या सोड्याने घासलेले ॲल्युमिनियमचे भांडे काळपट पडते, हा गृहिणींचा अनुभव इंजिनाच्या झाकणालाही तंतोतंत लागू पडतो. क्लोराइडयुक्त क्षारही या थराला जागोजागी भेदून खोल खड्डे पाडतात.

क्रोमच्या मुलाम्याविषयी सर्वाधिक गैरसमज आढळतात. शोभेच्या भागांवरील क्रोमचा थर साधारणतः अर्ध्या मायक्रोमीटरहूनही पातळ असतो. पोलादाचे खरे रक्षण त्याखालील निकेलचा जाड थर करतो. क्रोममध्ये सूक्ष्म भेगा व छिद्रे असतात. त्यांतून ओलावा निकेलपर्यंत आणि निकेलमध्ये दोष असेल तेथे पोलादापर्यंत पोहोचतो. मुलाम्यावर उमटणारे तांबूस ठिपके हा क्रोमचा गंज नसून खालच्या पोलादाचा गंज असतो. असा भाग खरखरीत पावडरीने घासणे म्हणजे उरलेले छप्पर आपल्याच हाताने उतरविणे होय.

पितळ हे तांबे व जस्त यांचे संमिश्र आहे. ते हवेत हळूहळू काळवंडते. गंधकयुक्त वायू व अमोनिया यांमुळे ही क्रिया त्वरेने होते. चिंच किंवा लिंबू यांतील आम्ल हा काळपट थर विरघळविते, परंतु नंतर भरपूर पाण्याने धुऊन लगेच कोरडे केले नाही तर तेच आम्ल नवे डाग निर्माण करते.

क्षरणास हातभार लावणारी स्थानिक कारणे

पहिले कारण खतांचे. म्युरेट ऑफ पोटॅश हे रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइड आहे, म्हणजे धातूच्या दृष्टीने ते मिठाचेच भावंड. पेरणीच्या दिवसांत मोटारसायकलीवर किंवा ट्रॉलीत वाहिलेल्या पोत्यांतून सांडलेली भुकटी फटींत बसते व हवेतील ओलावा शोषून तेथे सतत क्षारयुक्त पाणी तयार ठेवते. केवळ वरवर फडके फिरविल्याने ती निघत नाही. ती पाण्याने धुऊन काढावी लागते.

दुसरे कारण ताम्रयुक्त बुरशीनाशकांचे. मोसंबीवरील डिंक्या रोगासाठी झाडांच्या खोडांना बोर्डो मलम लावतात. मोरचूद व चुना यांचे हे मिश्रण १८८० च्या दशकात फ्रान्समधील बोर्डो परिसरातील द्राक्षबागांतून जगभर गेले. मिश्रण नीट जमले की नाही हे पाहण्यासाठी शेतकरी त्यात लोखंडी खिळा किंवा विळा बुडवितात. त्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवितात. या साध्या परीक्षेत क्षरणाचा एक महत्त्वाचा नियम दडला आहे. द्रावणातील तांबे लोखंडावर बसते आणि त्या बदल्यात लोखंड विरघळते. ॲल्युमिनियम व जस्त हे लोखंडापेक्षाही अधिक क्रियाशील आहेत. त्यामुळे फवारणीचे थेंब ट्रॅक्टरच्या ॲल्युमिनियमच्या भागांवर वाळून राहिले, तर तांब्याचा प्रत्येक सूक्ष्म कण आपल्याभोवतीचा धातू खाऊ लागतो. याशिवाय मिश्रणातील चुन्याची अल्कली ऑक्साइडचा थर मऊ करते ती वेगळीच. फवारणी संपताच यंत्र धुतले जाते, पण ते ओढणारा ट्रॅक्टर बहुधा तसाच राहतो.

तिसरे कारण गोठ्याचे. गोमूत्र व शेण कुजताना अमोनिया वायू बाहेर पडतो. पितळावर त्याचा परिणाम केवळ काळवंडण्यापुरता मर्यादित नसतो. ब्रिटिश लष्कराची पितळी काडतुसे भारतात पावसाळ्यामध्ये घोड्यांच्या पागांजवळ साठविली असता त्यांना आपोआप तडे जात. म्हणून या प्रकाराला ऋतूवरूनच नाव पडले होते. घोड्यांच्या मलमूत्रातील अमोनिया व धातूवरील अंतर्गत ताण यांचा हा संयुक्त परिणाम असल्याचे १९२१ साली स्पष्ट झाले. गोठ्यात उभ्या केलेल्या वाहनातील ताणाखालील पितळी भागांना हाच धोका संभवतो.

चौथे कारण धुण्याच्या पद्धतीचे. जड पाण्याचे थेंब उन्हात वाळले की कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या क्षारांचे पांढरे डाग राहतात आणि त्यांच्या कडेखाली ओलावा टिकतो. तीव्र सोडा किंवा आम्ल असलेली धुलाईद्रव्ये तत्काळ चमक दाखवितात, परंतु ऑक्साइडचा थर व लॅकर दोन्ही दुबळे करतात. धुतल्यावर डिझेलचा फवारा मारण्याची रीतही सदोष आहे. डिझेलचा थर धूळ धरतो आणि रबरी भागांना अपाय करतो.

पाचवे कारण लोहयुक्त धुळीचे. भट्ट्या, मिल व लोखंड कापण्याच्या जागांजवळ हवेत लोखंडाचे बारीक कण असतात. ते चकचकीत पृष्ठभागावर बसून दवाने गंजले की सारा भाग गंजल्यासारखा दिसतो. वास्तविक गंज वरच्या कणांचा असतो; तो वेळेवर धुतला तर खालचा धातू वाचतो, सुक्या फडक्याने रगडला तर ओरखडे पडतात.

याच यादीत पूजेचाही उल्लेख करावा लागतो. दसऱ्याला वाहनावर शिंपडलेल्या नारळाच्या पाण्यात पोटॅशियम व क्लोराइड असतात. पूजा भक्तिभावाने करावी, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या फडक्याने धातूचे भाग पुसून कोरडे करावेत.

चकाकी जेथे शोभा नसून कार्य आहे

इंजिनाच्या झाकणावर डाग पडला तर वाहन चालायचे थांबत नाही. काही भागांच्या बाबतीत मात्र गुळगुळीतपणा हेच त्या भागाचे काम असते, आणि अल्पभूधारक शेतकऱ्याच्या खिशाशी त्याचा थेट संबंध येतो.

ट्रॉली उचलणाऱ्या जॅकचा रॉड, जेसीबीच्या सिलिंडरचे रॉड व मोटारसायकलीच्या पुढील शॉकॲब्सॉर्बरच्या नळ्या रबरी ऑइल सीलमधून सतत आत-बाहेर सरकतात. त्यांवर सुईच्या टोकाएवढा खड्डा पडला तरी त्याची धारदार कड प्रत्येक फेरीत सील कापते. तेल गळू लागते, धूळ आत शिरते आणि ऐन सुगीत ट्रॉली उचलत नाही. नवे सील बसविले तरी रॉडवरील खड्डा तसाच असल्याने तेही लवकरच निकामी होते. येथे उपाय खर्चाचा नाही, सवयीचा आहे. वाहन उभे करताना ट्रॉली, बकेट व अवजार खाली टेकवून रॉड शक्य तितका सिलिंडरच्या आत ठेवावा. आतील तेल त्याचे उत्तम रक्षण करते. दीर्घकाळ बाहेर राहणाऱ्या भागावर ग्रीसचा पातळ हात द्यावा आणि वापरापूर्वी तो पुसून काढावा, अन्यथा त्याला चिकटलेली माती सीलला घातक ठरते.

दुसरे उदाहरण पलटी नांगराच्या तव्याचे. जिल्ह्यातील काळी जमीन चिकट आहे. नांगरणी चालू असताना तवा आरशासारखा चकाकतो आणि माती त्यावरून सहज घसरते. हंगामानंतर तो उघड्यावर पडून गंजला, तर पुढील वर्षी पहिल्या काही तासांत माती सुटत नाही, तास नीट पालटत नाही, ट्रॅक्टरवर भार येतो व डिझेल अधिक जळते. नांगरणी संपल्याच्या दिवशीच तवा खरवडून, धुऊन व वाळवून त्यावर ग्रीस लावणे हे पुढील हंगामाचे डिझेल वाचविणे आहे. इंजिनातून काढलेले जुने तेल लावण्याची पद्धत रूढ आहे. परंतु त्यात आम्लधर्मी अवशेष असतात आणि ते जमिनीत मिसळते, म्हणून ते टाळणे इष्ट.

याच्या नेमके उलट उदाहरण डिस्क ब्रेकच्या चकतीचे आहे. ती चकतीही उघडी व चकचकीत असते, पण तिच्यावर तेल, ग्रीस, मेण यांपैकी काहीही लावू नये. पावसात आलेला हलका गंज दोन-चार वेळा ब्रेक दाबताच निघून जातो. तेलाचा एक थेंब मात्र ब्रेकची पकड घालवून जीवावर बेतू शकतो. कोणता भाग झाकावा याइतकेच कोणता झाकू नये हे समजणे आवश्यक आहे.

संरक्षणाचे मार्ग

संरक्षणाचे तत्त्व कल्हईवाल्याने पिढ्यान्‌पिढ्या आचरणात आणले आहे. पितळी भांडे आधी पूर्ण स्वच्छ करायचे, नवसागराने त्यावरील मळ व ऑक्साइड काढायचे आणि मगच कथिलाचा थर द्यायचा. स्वच्छतेशिवाय दिलेला थर टिकत नाही, ही त्यातील शिकवण वाहनासही लागू आहे. बफ मारल्यानंतर धातूवर पॉलिशचा तेलकट अंश राहतो. तो सौम्य साबण व पाण्याने, आणि लॅकर द्यायचे असल्यास योग्य थिनरने पूर्ण काढून, भाग कोरडा करूनच पुढील आवरण द्यावे.

मेणाचा थर सर्वांत स्वस्त व सोपा आहे. तो पाणी झटकून टाकतो, पण काही आठवड्यांतच झिजतो. म्हणून तो वारंवार द्यावा लागतो. क्रोम, ॲल्युमिनियम व पितळ या तिन्हींना तो चालतो. तापणाऱ्या सायलेन्सरवर मात्र मेण वितळून जाते, त्यामुळे तेथे त्याचा उपयोग नाही.

पारदर्शक लॅकर अधिक काळ टिकते. परंतु त्याला ओरखडा पडला की ओलावा कडेने आत शिरून थराखाली सुतासारख्या रेषांनी क्षरण पसरते. असे झाल्यास वरून पॉलिश करून काही साधत नाही. जुने लॅकर पूर्ण काढून नवे द्यावे लागते. म्हणून घासण्यापूर्वी भागावर लॅकर आहे की नाही हे पाहावे. फडक्यावर पॉलिश घेऊन न दिसणाऱ्या कोपऱ्यात घासले असता फडके काळे झाले तर धातू उघडा आहे. नाही झाले तर त्यावर लॅकर आहे व त्याला पॉलिशची गरज नाही. पितळासाठी बेन्झोट्रायाझोल हे रसायन असलेले लॅकर अधिक उपयुक्त ठरते, कारण ते तांब्याशी बांधले जाऊन काळवंडणे रोखते.

ॲल्युमिनियमच्या भागांसाठी धनाग्रीकरण हा टिकाऊ उपाय आहे. विद्युत अपघटनाने ऑक्साइडचा नैसर्गिक थर हजारो पटींनी जाड केला जातो. परंतु त्यात आरशासारखी झळाळी थोडी कमी होते आणि अधिक सिलिकॉन असलेले ओतीव भाग करडे दिसतात. शोभा की टिकाऊपणा, याचा निर्णय आधीच करावा लागतो.

क्रोमवरील हलके तांबूस ठिपके काढण्यासाठी ॲल्युमिनियमच्या पातळ फॉइलचा बोळा पाण्यात भिजवून हळुवार फिरवावा. ॲल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने मुलाम्यावर ओरखडे उमटत नाहीत. नंतर धुऊन, वाळवून मेण लावावे. पोलादी काथ्या किंवा सँडपेपर यांचा वापर कटाक्षाने टाळावा.

वर्षचक्रानुसार निगा

जिल्ह्यातील शेतीचे चक्र लक्षात घेता निगेच्या वेळा सहज ठरविता येतात. मृगापूर्वी सर्व उघडे भाग धुऊन, वाळवून मेण किंवा ग्रीस लावावे. खत वाहतूक व फवारणीनंतर त्याच दिवशी साध्या पाण्याने धुवावे. दसऱ्याला भाग घासण्याऐवजी धुऊन मेणाचा हात फिरवावा; चकाकी तेवढीच येते आणि थर झिजत नाही. हिवाळ्यात वाहन छपराखाली, पण शक्यतो गोठ्याबाहेर ठेवावे. प्लास्टिकची ताडपत्री घट्ट गुंडाळल्यास ओलावा आतच कोंडतो. म्हणून खालून हवा खेळती राहील अशा रीतीने ती टाकावी. नांगराच्या तव्याला ग्रीस लावण्यास मुहूर्त एकच : नांगरणी संपल्याचा दिवस.

निष्कर्ष

१. चकाकी व संरक्षण या भिन्न गोष्टी आहेत. वारंवार घासल्याने चकाकी येते, पण धातू व त्याचे आवरण दोन्ही झिजतात.

२. जालना जिल्ह्यात समुद्री क्षार नसला तरी खते, ताम्रयुक्त फवारण्या, गोठ्यातील अमोनिया, जड पाणी व लोहयुक्त धूळ यांमुळे क्षरण घडते. ही कारणे स्थानिक असल्याने त्यांवरील उपायही स्थानिकच असावे लागतात.

३. संरक्षणाची पद्धत धातू व त्या भागाचे कार्य पाहून ठरवावी. रॉड तेलात ठेवावा, तव्यास ग्रीस लावावे, झाकणास मेण किंवा लॅकर द्यावे आणि ब्रेकची चकती पूर्णतः कोरडी ठेवावी.

४. बहुतेक उपाय अल्पखर्चाचे आहेत. धुणे, कोरडे करणे व थर देणे या तीन कृती योग्य वेळी झाल्यास सील, मुलामा व डिझेल यांवरील पुढील खर्च टळू शकतो.

लोखंडाची सळई घडविणाऱ्या या जिल्ह्यात धातू कसा तयार होतो याचे ज्ञान विपुल आहे. तो कसा टिकवावा याचे ज्ञानही तितक्याच सहजतेने शेतकऱ्याच्या अंगणापर्यंत पोहोचणे आवश्यक आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, कृषी विज्ञान केंद्रे आणि महाविद्यालयांचे रसायनशास्त्र विभाग यांनी मृगापूर्वी गावपातळीवर प्रात्यक्षिके घेतल्यास हे काम कमी खर्चात साध्य होण्यासारखे आहे.